खडक कोणाचा, समुद्र कोणाचा? (दक्षिण चीन समुद्र)

होकायंत्र | शनिवार, २१:१०

पाच महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून परवाच घरी आलो. जहाज बल्क कॅरियर, फेरी एकच आणि तीच तीच: फिलिपिन्सच्या झाम्बालेस प्रांतात सांताक्रूझला निकेलची माती भरायची, चीनला नेऊन ओतायची, रिकामं परत यायचं. माती म्हणजे आपला जांभाच, रंगानेही आणि जातीनेही. होल्ड धुतला की डेकवरून रत्नागिरीचा पावसाळा वाहायचा.

चीफ ऑफिसरची वॉच पहाटे चार ते आठ. फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला साधारण १२० सागरी मैलांवर स्कारबरो शोल आहे, शोल म्हणजे समुद्रातली उथळ जागा. आम्ही त्याला चांगलं लांबून वळसा घालायचो, तरी व्हीएचएफ रेडिओच्या सोळा नंबरवर तिथलं भांडण कानावर यायचं. एक आवाज सांगणार, हा चीनचा प्रदेश आहे, ताबडतोब निघून जा. दुसरा सांगणार, हे फिलिपिन्सचं आर्थिक क्षेत्र आहे, तुम्हीच निघा. मग पहिला पुन्हा तेच. दोघं कागदावरून वाचत असणार, कारण आठवड्यानंतरही एक शब्द बदललेला नसे. सोळा नंबर खरं तर संकटात हाक मारण्यासाठी मोकळा ठेवायचा असतो.

आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मासिन्लोकचा, सांताक्रूझच्या थोडं दक्षिणेला. त्याचे वडील आणि थोरला भाऊ बांका घेऊन स्कारबरोलाच जायचे. बांका म्हणजे दोन्ही बाजूंना उलांडी असलेली होडी. स्कारबरो म्हणजे प्रवाळाचं मोठं कंकण आहे, आतल्या पाण्यासकट १५० चौरस किलोमीटरच्या आसपास. भरतीला पाच-सात खडक तेवढे डोकं वर काढून असतात. बोसन म्हणाला, "साहेब, मासा तर होताच. पण वादळ आलं की सगळे कंकणाच्या आत शिरायचे, फिलिपिनो, चिनी, व्हिएतनामी. बाहेर समुद्र उभा राहिला तरी आत भात शिजायचा." फिलिपिन्समध्ये या जागेला पानातग म्हणतात. अर्थ: शांत.

एप्रिल २०१२ मध्ये फिलिपिन्सच्या नौदलाने तिथे चिनी मच्छिमारांच्या बोटी तपासल्या, चीनची जहाजं मध्ये आली, दोन महिने दोघं समोरासमोर उभे होते. फिलिपिन्स म्हणतं, दोघांनी मागे हटायचं ठरलं होतं. चीन म्हणतो, असं काही ठरलंच नव्हतं. फिलिपिन्स हटलं, चीन राहिला. बोसनचा भाऊ तेव्हापासून कंकणाच्या आत गेलेला नाही.

मला जहाज चालवता येतं, कायदा आणि इतिहास येत नाही. जाणकारांनी लिहावं.

चिंचगुळ | शनिवार, २१:३२

वाचतेय. पण मला मुळातच कळलं नाही. पाच-सात खडक? त्यांच्यासाठी दोन देश रोज पहाटे वायरलेसवर भांडतात?

रोखठोक | शनिवार, २१:४०

यात कळण्यासारखं काय आहे? चीनची दादागिरी. २०१६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बेटं फिलिपिन्सला दिली, चीनने निकाल कचऱ्यात टाकला. आपण फिलिपिन्सला ब्राह्मोस विकली ते उत्तम केलं. विषय संपला.

अपीलकर्ती | शनिवार, २२:१५

रोखठोक, तुमच्या एका वाक्यात दोन चुका आहेत, पण त्या सगळीकडे छापून आल्या आहेत म्हणून तुम्हाला माफ.

ते आंतरराष्ट्रीय न्यायालय नव्हतं. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात देशांमधल्या वादासाठी लवाद नेमायची सोय आहे. फिलिपिन्सने जानेवारी २०१३ मध्ये ती वापरली. पाच पंच होते आणि त्यांचं कार्यालयीन काम हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाने बघितलं, म्हणून सगळे "हेग कोर्ट" म्हणतात. दुसरं, लवादाने कोणतंही बेट कोणालाही दिलं नाही. जमिनीची मालकी ठरवायचा अधिकारच त्याला नव्हता, तो करार फक्त समुद्राचा आहे. सीमा आखून देणंही शक्य नव्हतं, कारण चीनने २००६ मध्येच त्या विषयापुरतं लवादातून अंग काढून घेतलं होतं. फिलिपिन्सच्या वकिलांनी मग मोठ्या हुशारीने प्रश्न वेगळा मांडला. हे कोणाचं, असं विचारलंच नाही. विचारलं, हे आहे काय?

चिंचगुळ यांचं उत्तर त्यातच आहे. करारात तीन प्रकार आहेत. भरतीलाही पाण्याबाहेर राहतं, माणसं वस्ती करू शकतात किंवा स्वतःच्या जोरावर आर्थिक व्यवहार चालू शकतो, ते पूर्ण बेट. त्याला १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र आणि २०० मैल आर्थिक क्षेत्र. भरतीला डोकं बाहेर, पण वस्ती अशक्य, तो खडक. त्याला फक्त १२ मैल. आणि जे सुकतीलाच दिसतं, भरतीला बुडतं, त्याला स्वतःचं काहीच नाही. वर भर घालून विमानतळ बांधला तरी दर्जा बदलत नाही, नैसर्गिक अवस्था कोणती होती तेच बघतात.

लवादाने १२ जुलै २०१६ रोजी सांगितलं की स्कारबरो म्हणजे खडक. याच समुद्रात दक्षिणेला बेटं-खडकांचा स्प्रॅटली समूह आहे, त्यातली एकूण एक जागा जास्तीत जास्त खडक. चीनच्या नकाशावरच्या नऊ तुटक रेघांच्या आत जो "ऐतिहासिक हक्क" सांगितला जातो, त्याला करारात आधार नाही.

होकायंत्र | शनिवार, २२:४४

आभार. हे वाचून कागद-पेन्सिल घेतली, सवय जात नाही. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. एकट्या खडकाभोवती १२ मैलांचं वर्तुळ काढलं तर साधारण १,५५० चौरस किलोमीटर, म्हणजे अडीच बृहन्मुंबई. तोच खडक "बेट" ठरला आणि आजूबाजूला दुसरा कोणी वाटेकरी नसला, तर २०० मैलांचं वर्तुळ होतं जवळपास ४,३१,००० चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३.

चिंचगुळ, म्हणून पहाटे वायरलेस.

चिंचगुळ | शनिवार, २२:५१

बाप रे. कळलं. चहा टाकते, धागा मोठा होणार.

बखरबाज | रविवार, ००:२०

झोप येत नव्हती, बरं झालं धागा सापडला.

सगळ्या भानगडीचं मूळ एका हक्कसोडपत्रात आहे. स्प्रॅटलीवर १९३३ मध्ये फ्रान्सने दावा सांगितला, १९३९ मध्ये जपानने ती बेटं घेतली. जपान हरला. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात दुसऱ्या कलमात जपानने स्प्रॅटली आणि उत्तरेकडच्या पॅरासेल बेटांवरचा हक्क सोडला. कोणाच्या लाभात सोडला? लिहिलंच नाही! देणाऱ्याची सही आहे, घेणाऱ्याची जागा कोरी. आणि त्या परिषदेला चीनमधलं सरकारही बोलावलं नव्हतं आणि तैवानमधलंही. घरातल्या वाटणीत असा कागद निघाला तर तीन पिढ्या कोर्टात जातात, इथे तर देश आहेत.

तुटक रेघांचीही गंमत ऐका. त्या कम्युनिस्टांनी काढलेल्या नाहीत. १९४७ मध्ये त्यांच्या आधीच्या च्यांग काय-शेकच्या सरकारने अकरा रेघा काढल्या. पुढे कम्युनिस्ट सरकारने व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातल्या दोन पुसल्या, तेव्हा व्हिएतनाम मित्र होता. नऊ उरल्या. २००९ मध्ये तो नकाशा पहिल्यांदा संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या पत्राला जोडला गेला आणि सगळे दचकून जागे झाले. २०२३ च्या नकाशात तैवानच्या पूर्वेला धरून दहा आहेत. या रेघांचे अक्षांश-रेखांश चीनने आजवर दिलेले नाहीत. होकायंत्र, तुम्हाला असा चार्ट दिला तर जहाज चालवाल का?

आता माझं सर्वांत लाडकं प्रकरण, जेम्स शोल. चीन याला आपलं दक्षिण टोक मानतो, शाळेतल्या पुस्तकातही. मलेशियाच्या किनाऱ्यापासून ८० किलोमीटर, चीनच्या मुख्य भूमीपासून पार १,८०० च्या घरात. तिथे चिनी नौसैनिकांनी डेकवर उभं राहून शपथही घेतली आहे. डेकवरच घ्यावी लागली, कारण तिथे जमीन नाही. पाण्याखाली वीसेक मीटरवर समुद्राचा तळ थोडा उंचावलाय, इतकंच. मग हे टोक आलं कुठून? अभ्यासकांनी माग काढला तो असा: १९३० च्या दशकात चिनी सरकारच्या समितीने इंग्रजी चार्टवरून नावांची यादी केली, तेव्हा पाण्याखालच्या उथळ्यासाठी असलेल्या शब्दाला "तान" हा शब्द वापरला. त्याचा अर्थ पुळणही होतो. पुढच्या नकाशाकारांनी मग ती पुळण जपून ठेवली. भाषांतर करणाऱ्यांनी या धाग्यावर हजेरी लावून जावी.

रोखठोक | रविवार, ०८:०५

म्हणजे मी म्हणतो तेच झालं की. चीन खोटारडा. भाषांतराच्या चुकीवर समुद्र मागतो.

उलटतपासणी | रविवार, ०९:३०

रोखठोक, थोडं थांबा. चीनच्या नऊ रेघा हास्यास्पद आहेत, मान्य. पण बाकीचे काय गंगेत न्हाऊन आलेत?

फिलिपिन्सचा दावा कसा सुरू झाला? १९५६ मध्ये तोमास क्लोमा नावाच्या गृहस्थाने, ज्याची मासेमारीची जहाजं आणि नाविकांची शाळा होती, स्प्रॅटलीतली बेटं "आपल्याला सापडली" असं जाहीर करून "फ्रीडमलँड" नावाचा देशच काढला. पुढे राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या आणीबाणीत त्याला तुरुंगात टाकलं आणि त्याने आपला हक्क सरकारला एका पेसोला लिहून दिला. १९७८ मध्ये मार्कोसने हुकूम काढला, कालायान (स्प्रॅटलीतल्या आपल्या वाट्याला दिलेलं नाव) म्हणजे आमची नगरपालिका. तिथल्या पागासा बेटावर आज वस्ती आहे, २०१२ पासून शाळा आहे. बेट केवढं? ३७ हेक्टर. लोक तिथे राहतात ते हौसेने की सरकारला "वस्ती" दाखवायची म्हणून, हे त्यांनाच विचारा.

व्हिएतनामकडे स्प्रॅटलीत सर्वांत जास्त जागा आहेत आणि गेल्या काही वर्षांत तेही धडाक्याने भर घालतायत. मलेशियाने स्वॅलो रीफवर धावपट्टी बांधून शेजारी समुद्रात बुडी मारायला येणाऱ्या पर्यटकांसाठी रिसॉर्ट काढलं. तैवानकडे सर्वांत मोठं नैसर्गिक बेट, इतू आबा. त्यावर मात्र तैवान आणि चीनचं एकमत!

आणि जपान? टोकियोपासून १,७०० किलोमीटर दक्षिणेला ओकिनोतोरीशिमा म्हणून दोन खडक आहेत, भरतीला जेमतेम एका खोलीएवढे. जपानने त्यांची झीज होऊ नये म्हणून भोवती काँक्रीटच्या भिंती बांधल्यात आणि २०० मैलांवर दावा सांगितलाय. यावर हरकत कोणी घेतली असेल? चीनने. म्हणे खडकाला आर्थिक क्षेत्र मिळत नाही, करार वाचा.

अपीलकर्ती | रविवार, १०:१०

उलटतपासणी, टाळ्या. भर एवढीच घालते की ब्रिटनने करारात सामील होताना १९९७ मध्ये अटलांटिकमधल्या रॉकॉल नावाच्या खडकावरून केलेला मोठा दावा स्वतःहून मागे घेतला. म्हणजे अगदीच कोणी करत नाही असं नाही.

इतू आबाचा मुद्दा मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण निकालाचा कणा तोच आहे. ते जवळपास ४६ हेक्टरचं आहे, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, झाडं आहेत. स्प्रॅटलीत "बेट" ठरायचं तर तेच ठरलं असतं. जानेवारी २०१६ मध्ये तैवानचे अध्यक्ष मा यिंग-च्यू स्वतः तिथे जाऊन आले, इथे माणूस राहू शकतो हे जगाला दाखवायला. लवाद म्हणाला, राहू शकतो आणि वसतो यात फरक आहे. बाहेरून शिधा येणारी शिबंदी म्हणजे वस्ती नव्हे. आजवर तिथे आले ते पक्ष्यांची विष्ठा खत म्हणून खणायला किंवा मासे धरायला, आणि परत गेले.

याचा फटका फिलिपिन्सलाही बसला हे कोणी सांगत नाही. त्यांच्या पागासालाही मग १२ मैलांपलीकडे काही मिळत नाही. ते त्यांनी जाणून घेतलं, कारण लुझोन आणि पालावानच्या किनाऱ्यावरून त्यांना २०० मैल मिळतातच.

टोपणराव | रविवार, १०:१४

+१. पुलेशु.

रोखठोक | रविवार, ११:००

ताई, निकाल कितीही सुंदर असला तरी अंमलबजावणी कोण करणार? पोलीस नाहीत. मोठा देश असले निकाल मानत नाही. आपणही मानला नसता.

अपीलकर्ती | रविवार, ११:३५

आपण मानला आहे.

सुंदरबनच्या तोंडाशी, हरियाभांगा नदीच्या मुखाजवळ १९७० च्या चक्रीवादळानंतर एक वाळूचं बेट वर आलं. आपण न्यू मूर म्हणायचो, बांगलादेश दक्षिण तळपट्टी. १९८१ मध्ये आपण तिथे झेंडा लावला होता. नंतर ते बेट पाण्याखाली गेलं, पण वाद राहिला. बांगलादेशाने याच करारातल्या लवादाकडे नेलं. ७ जुलै २०१४ ला निकाल लागला: वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला. बुडालेल्या बेटाला मोजणीत धरायलाही लवाद तयार झाला नाही. भारताने निकाल स्वीकारला. आणि एक मजेशीर योगायोग: त्या लवादातले पाचपैकी तीन पंच, मेन्सा, वोल्फ्रुम आणि कोत, हेच फिलिपिन्स-चीन लवादातही होते. त्यामुळे "हे पंच चीनविरोधी" हा चिनी प्रचार आपल्याकडे कोणी उचलू नये.

भारताने २०१६ मध्ये निकालाची "नोंद घेतली" एवढंच म्हटलं होतं. जून २०२३ मध्ये फिलिपिन्सबरोबरच्या संयुक्त निवेदनात पहिल्यांदा "पालन करा" असा शब्द आला. ब्राह्मोसचा ३७.५ कोटी डॉलरचा करार जानेवारी २०२२ चा, पहिली खेप एप्रिल २०२४ ची. रोखठोक, तुमच्या आवडीचं एक वाक्य दिलं, आता भांडू नका.

उलटतपासणी | रविवार, ११:५०

आणि अमेरिका, जी रोज "नियमाधारित व्यवस्था" म्हणते, ती या करारात अजून सामीलच नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्यांची युद्धनौका लक्षद्वीपजवळ आपल्या आर्थिक क्षेत्रात परवानगी न घेता फिरून गेली आणि वर प्रसिद्धिपत्रक काढलं. आपण चिंता कळवली. लष्करी कवायतींना परवानगी लागते हे आपलं म्हणणं, आणि त्या एका मुद्द्यावर आपण चीनच्या जास्त जवळ आहोत. असो.

सिंगापुरी_भेळ | रविवार, १३:२५ (आमच्याकडे ऊन मी म्हणतंय)

इथे ऑफिसात आम्ही एका टेबलावर सहा देशांचे बसतो. या समुद्राचं नाव घ्यायची वेळ आली की मजा येते. चिनी सहकारी "दक्षिण समुद्र" म्हणतो, व्हिएतनामी मुलगी "पूर्व समुद्र", फिलिपिनो २०१२ पासून सरकारी हुकमाने "पश्चिम फिलिपिन्स समुद्र". जेवायच्या सुट्टीत आम्ही फक्त "समुद्र" म्हणतो.

व्हिएतनामी मुलीचं आजोळ व्हिएतनामच्या ली सॉन बेटावर. तिने सांगितलेली गोष्ट विसरता येत नाही. जुन्या काळी त्यांचे राजे तिथल्या खलाशांच्या तुकड्या पॅरासेलला पाठवायचे, फुटलेल्या जहाजांचं सामान आणि समुद्रातला माल गोळा करायला. प्रत्येक खलाशी बरोबर एक चटई, बांबूच्या कामट्या, वेताची दोरी आणि स्वतःच्या नावाची पट्टी घेऊन निघायचा. मेला तर सोबत्यांनी चटईत गुंडाळून, बांधून समुद्रात सोडायचं. जे परत आले नाहीत त्यांच्या ली सॉनवर रिकाम्या कबरी आहेत, त्यांना वाऱ्याच्या कबरी म्हणतात. आजही तिथे दरवर्षी छोट्या होड्या करून पाण्यात सोडतात. सरकार त्या विधीला दाव्याचा पुरावा म्हणून पुढे करतं. तिची आजी म्हणते, आमच्या श्राद्धाला मंत्री कशाला?

१९७४ च्या जानेवारीत चीनने पॅरासेलची पश्चिमेकडची बेटं दक्षिण व्हिएतनामकडून लढून घेतली. १४ मार्च १९८८ ला स्प्रॅटलीत जॉन्सन साउथ रीफवर व्हिएतनामचे ६४ जण मारले गेले, त्यातले काही गुडघाभर पाण्यात झेंडा धरून उभे असताना. हे ती बोलत नाही, मी वाचलं.

बखरबाज | रविवार, १४:१०

भेळताई, अंगावर काटा आला.

एक पुरवणी. चीन व्हिएतनामला नेहमी एक पत्र दाखवतो. १९५८ मध्ये चीनने १२ मैलांची घोषणा केली, तिच्यात ही बेटंही मोजली. उत्तर व्हिएतनामचे पंतप्रधान फाम वान दोंग यांनी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना लिहिलं, घोषणा मान्य आहे. आता व्हिएतनाम म्हणतं, पत्रात बेटांचं नाव नाही आणि पॅरासेल तेव्हा दक्षिणेच्या ताब्यात होतं, आमचं नव्हतं तर आम्ही देणार कसं? वकिली उत्तर, पण वाईट नाही.

आणि चीनचाही असाच पुरावा आहे. हायनान बेटावरच्या तानमन गावच्या मच्छिमारांच्या हस्तलिखित मार्गपोथ्या, कुठून कुठे किती प्रहर जायचं ते लिहिलेल्या. पोथ्या खऱ्या आहेत. ते लोक खरंच जायचे. प्रश्न एवढाच की गेलो म्हणजे आमचं झालं का.

अवांतर: बेटावर तटबंदी बांधणं, समोर मोठ्या जहाजांचा वेढा, आणि रात्री छोट्या होड्यांनी रसद आत नेणं, हे वाचताना १६७९ चं खांदेरी आठवल्याशिवाय राहत नाही. इंग्रज म्हणत होते बेट आमचं. महाराजांच्या होड्या उथळ पाण्यातून निसटायच्या, इंग्रजांची गलबतं बघत राहायची. लगेच शेजारच्या उंदेरीवर सिद्दी बसला!

टोपणराव | रविवार, १४:१५

आणलीच शेवटी खांदेरी. मी सकाळपासून वाट बघत होतो.

डोलकर_डहाणू | रविवार, १८:४०

सगळं वाचलं. मी शिकलेला कमी, पण धंदा तोच. आमच्या पालघर-डहाणू पट्ट्यातली पोरं हंगामाला गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. कच्छजवळच्या सर क्रीक खाडीच्या तिकडे भारत-पाकिस्तानची रेघ समुद्रात अजून ठरलेली नाही. पाकिस्तानवाले बोट धरतात, तांडेल-खलाशी कराचीच्या तुरुंगात. आमच्या ओळखीतला एक जण चार वर्षांनी आला. पोरगी ओळखेना त्याला.

मासा जिकडे जातो तिकडे जाळं जातं. जाळं टाकलं की इंजिन बंद, वाहवत जायचं. जीपीएस आहे की, पण नाखवा किनाऱ्यावर बसून म्हणतो मासा आण.

होकायंत्र साहेब, मला एवढंच विचारायचंय. तुमच्या बोसनच्या भावासाठी त्या कोर्टाने काय सांगितलं? बेट आहे की खडक हे कळलं. त्याने जायचं की नाही?

अपीलकर्ती | रविवार, १९:२०

डोलकर दादा, सांगितलंय, आणि ५०० पानी निकालात मला तोच भाग सर्वांत आवडतो. लवाद म्हणाला, स्कारबरोवर पिढ्यान् पिढ्या मासेमारी करत आलेल्या माणसांचा हक्क आहे, खडक कोणत्याही देशाचा असो. आणि हा हक्क फक्त फिलिपिनोंचा म्हटला नाही. चिनी मच्छिमारांचाही म्हटला, इतर देशांचाही. चीनने फिलिपिनोंना अडवलं ते बेकायदा. उद्या फिलिपिन्सने चिन्यांना अडवलं तर तेही.

याच निकालात चिनी बोटींनी राक्षसी शिंपले काढण्यासाठी प्रोपेलरने प्रवाळ खरवडून काढल्याचं आणि चीनने ते चालू दिल्याचंही नोंदवलंय.

डोलकर_डहाणू | रविवार, १९:२६

म्हणजे कागदावर जाऊ शकतो.

होकायंत्र | रविवार, २१:४५

दादा, कागदावर जाऊ शकतो. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२३ मध्ये चीनने कंकणाच्या तोंडाशी ३०० मीटरची तरंगती दोरी-बोये बांधले. फिलिपिन्सच्या तटरक्षकाचा माणूस साध्या मच्छिमाराच्या वेषात बुडी मारून कापून आला. जहाजं तिथेच आहेत. पाण्याचे फवारे मारतात, साधा फवारा नव्हे, काचा फुटतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनने खडकाभोवती आपल्या सीमारेषाही जाहीर केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलिपिन्सच्या तटरक्षक जहाजाचा पाठलाग करता करता चीनच्याच दोन बोटी एकमेकींवर आदळल्या, एक नौदलाची, एक तटरक्षकाची. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. मी तो चार वेळा पाहिला, चालवणारा म्हणून. रडारवर समोरचं लक्ष्य एकच धरलं आणि बाजूला कोण आहे ते विसरले. शिकाऊ कॅडेटला यासाठी ओरडा बसतो.

सगळे प्रतिसाद वाचून एक गोष्ट डोक्यात बसली, ती लिहितो. १९९५ मध्ये स्प्रॅटलीतल्या मिस्चीफ रीफवर चीनने खांबांवर झोपड्या उभ्या केल्या. फिलिपिन्सने विचारलं, हे काय? उत्तर आलं, वादळात मच्छिमारांना आसरा. आज तिथे अडीच-तीन किलोमीटरची धावपट्टी आहे. लवादाच्या मते ती मुळात सुकतीलाच दिसणारी जागा, फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रातली. म्हणजे चीनच्या पोथ्यांत मच्छिमार, व्हिएतनामच्या कबरीत मच्छिमार, फिलिपिन्सच्या भाषणात मच्छिमार. साक्षीला प्रत्येकाला तोच लागतो, आणि तेवढाच एक जण आत जाऊ शकत नाही.

त्यातून दुसरं टोक म्हणजे सिएरा माद्रे हे जहाज. अमेरिकेत १९४४ साली बांधलेलं, व्हिएतनाम युद्ध पाहिलेलं, मग दक्षिण व्हिएतनामच्या नौदलातलं, मग फिलिपिन्सचं. १९९९ मध्ये फिलिपिन्सने ते स्प्रॅटलीतल्याच सेकंड थॉमस शोलवर मुद्दाम खडपावर चढवलं आणि वर मूठभर सैनिक ठेवले. पंचवीस वर्षांहून जास्त गंजत उभं आहे. कागदोपत्री अजून सेवेत, म्हणजे त्याच्यावर हल्ला हा युद्धनौकेवरचा हल्ला. जून २०२४ मध्ये रसद न्यायला आलेल्या रबरी बोटींवर चिनी लोक कुऱ्हाडी-चाकू घेऊन चढले, फिलिपिन्सच्या एका नौसैनिकाचा अंगठा गेला. आमच्या जहाजावर त्या दिवसाची गोष्ट निघाली की फिलिपिनो क्रू गप्प व्हायचा. बंदरात चिनी एजंट आला की त्याच्याशी मात्र हसून बोलायचे. त्याचीही नोकरीच.

बोसनचा भाऊ आता किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैलांवर पायाव लावतो. बांबूचा तराफा, खाली नारळाच्या झावळ्या, नांगराला दगड. मासे सावलीला येतात. पूर्वीच्या निम्मा मासाही मिळत नाही म्हणतो, पण डिझेल वाचतं. मोठी बांका विकली. आमच्या फेरीत एकदा पहाटे बोसन ब्रिजवर कॉफी घेऊन आला, सोळा नंबरवर ते दोन आवाज चालूच होते. त्याने विचारलं, आवाज कमी करू का. नियमाने करता येत नाही. नाही म्हटलं.

बखरबाज | रविवार, २२:०२

काय लिहिलंय. आणि हो, तुम्ही चार्टबद्दल उत्तर दिलं नाहीत.

होकायंत्र | रविवार, २२:१०

नऊ रेघांचा चार्ट? नाही चालवणार. पण आमच्या ब्रिटिश चार्टवर तरी काय आहे, स्प्रॅटलीच्या जागी मोठ्या अक्षरांत "डेंजरस ग्राउंड" लिहून जवळजवळ मोकळं सोडलंय. व्यापारी जहाजं कडेकडेने जातात. तिथे कोणाचा कायदा चालतो हे आम्हाला माहीत नसतं, कुठे तळ लागेल हेही नीट माहीत नसतं.

चिंचगुळ | रविवार, २२:१८

साहेब, एक बावळट प्रश्न. ती निकेलची माती ओली असली की जहाज उलटतं असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

होकायंत्र | रविवार, २२:२५

खरं आहे, बावळट अजिबात नाही. पाणी जास्त असलं की इंजिनाच्या हादऱ्याने माती पातळ होते आणि होल्डमध्ये एका अंगाला सरकते. बरीच जहाजं गेली आहेत. भरताना ओलावा मोजणं हे चीफ ऑफिसरच्या डोक्याचं दुखणं. त्यावर वेगळा धागा काढतो, उद्या. आत्ता घरून हाक आलीय.